कोणाचे मत, कोणत्या टप्प्यावर: पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे प्रकरण

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटर पसरलेल्या पश्चिम घाटाचा कोणता भाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा आणि तेथे काय चालू द्यावे, हा प्रश्न २०१० पासून केंद्र सरकारपुढे आहे. या काळात दोन समित्यांनी अहवाल दिले आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत एकामागून एक सहा मसुदा अधिसूचना निघाल्या. सहावा मसुदा निघाला याचाच अर्थ आधीच्या पाचांपैकी एकही अंतिम झाला नव्हता. राजकीय दबावामुळे हे घडले असे उत्तर सर्रास दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दबाव तर प्रत्येक मोठ्या निर्णयावर असतो. या प्रकरणात अनेकांची मते गोळा करण्याची आणि ती एकमेकांत मिसळण्याची रीतच अशी होती की मतभेद जितका खोल होता त्याहून अधिक खोल दिसू लागला आणि जेथे सहमती तयार होती तेथे ती कोणाच्या हिशेबात आली नाही.

हितसंबंधी कोण होते, हे आधी पाहिले पाहिजे. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू ही सहा राज्ये. केंद्राचे पर्यावरण मंत्रालय. खाणमालक, चिरेखाणी चालवणारे, वीजप्रकल्पांचे खाते, रासायनिक उद्योग. मळेवाले आणि दोन-चार एकरांवर काजू, नाचणी, वरी किंवा मिरी पिकवणारे शेतकरी. जंगलावर जगणारे आदिवासी आणि धनगर. शिवाय घाटात न राहता घाटाच्या पाण्यावर जगणारे कोट्यवधी लोक. खेड तालुक्यातील लोटे परशुराम वसाहतीच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीतील मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. ते डोंगरावर राहत नाहीत, पण डोंगराच्या पायथ्याशी कोणता कारखाना यावा यात त्यांचा वाटा खाणमालकाइतकाच खरा आहे. यांतल्या प्रत्येकाचे म्हणणे वेगळे होते एवढेच नव्हे, तर प्रत्येकाच्या मनातला प्रश्नही वेगळा होता. शास्त्रज्ञ कोणता प्रदेश अधिक मोलाचा आहे हे विचारत होते, राज्य सरकारांना कोणते प्रकल्प अडतील याची काळजी होती आणि शेतकऱ्याला आपल्या सातबाऱ्याचे काय होणार एवढेच कळायला हवे होते. एका प्रश्नाची तीन उत्तरे जोडता येतात, पण तीन प्रश्नांची उत्तरे एका बेरजेत घातली की हाती काहीच उरत नाही.

चौकटी, गुण आणि सरासरी

मार्च २०१० मध्ये मंत्रालयाने परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली चौदा जणांची पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समिती नेमली आणि ३१ ऑगस्ट २०११ रोजी तिने अहवाल सादर केला. सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश समितीने चौकटींत विभागला. प्रत्येक चौकट साधारण ९ किलोमीटर लांब आणि तितकीच रुंद, अशा जवळपास २,२०० चौकटी झाल्या. त्या प्रत्येकीला प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात आढळणाऱ्या) वनस्पती, धोक्यात असलेले सस्तन प्राणी, सदाहरित व कमी विस्कळीत जंगलाचे प्रमाण, उंची, उतार, नदीकाठची वनराई अशा निकषांवर गुण देऊन त्यांची सरासरी काढली गेली. त्या सरासरीवरून प्रदेशाचे तीन स्तर पाडले आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने त्याबाहेर वेगळी ठेवली.

या पद्धतीतील एक निर्णय फारसा चर्चिला गेला नाही, तरी मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाटाच्या दक्षिणेकडे जैवविविधता दाट असून उत्तरेकडे ती विरळ होत जाते, त्यामुळे सर्व चौकटी एकाच फूटपट्टीने मोजल्या असत्या तर वरच्या जागा बहुतांशी दक्षिणेकडील राज्यांनी पटकावल्या असत्या. म्हणून समितीने प्रत्येक राज्याच्या चौकटींची तुलना त्याच राज्यातील चौकटींशी केली. केवळ गणिताच्या नजरेने पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल, कारण महाराष्ट्रात पहिल्या स्तरात आलेली चौकट केरळात मोजली असती तर कदाचित खालच्या स्तरात गेली असती. तरीही हा निर्णय योग्य होता, कारण संरक्षणाचा भार आणि लाभ दोन्ही सहा राज्यांत वाटले जावेत हा मुळात मूल्याचा प्रश्न होता आणि समितीने तो गुणपद्धतीत लपवून न ठेवता अहवालात मांडला. मते जोडताना कोणाची तुलना कोणाशी करायची हे ठरवणे म्हणजे अर्धा निर्णय घेणेच असते.

सरासरीची दुसरी बाजू मात्र तितकी समाधानकारक नाही. समजा, एका चौकटीला चार निकषांवर दहापैकी १०, ९, २ आणि १ असे गुण मिळाले आणि दुसरीला ६, ५, ६, ५ असे. दोन्हींची सरासरी साडेपाचच येते. पहिल्या चौकटीत एखाद्या कड्यालगत अत्यंत मोलाचे जंगल शिल्लक आहे आणि बाकीचा भाग सपाट, लागवडीखालचा आहे. दुसरीत सगळेच मध्यम आहे. पहिलीला तिच्या एका कोपऱ्यासाठी कडक संरक्षण लागते, दुसरीला सौम्य नियम पुरतात, पण सरासरी दोघींना एकाच स्तरात बसवते. ८१ चौरस किलोमीटरच्या चौकटीत वाड्यांसह कितीतरी गावे येतात. एका गावची देवराई आणि शेजारच्या गावचा उघडा सडा (कातळाचे पठार) यांचे गुण एकत्र होऊन दोघांनाही अनोळखी असा तिसराच आकडा तयार होतो. पुढे अहवालात स्तर तालुकावार दिले गेले, १४२ तालुक्यांची नावे आली, आणि जो आकडा चौकटीतही ढोबळ होता तो तालुक्याला लागू झाला. आपला अख्खा तालुका पहिल्या स्तरात आहे एवढेच वाचणाऱ्या माणसाला अहवालातील बारकावे सांगायला कोण जाणार होते?

समितीला या मर्यादेची जाणीव होती. तिने हे स्तर अंतिम मानले नव्हते. सीमा आणि नियम यांचा निर्णय ग्रामसभांपर्यंत जाऊन, त्यांच्याशी चर्चा करून व्हावा आणि त्यासाठी घाटाचे प्राधिकरण, राज्य पातळीवरील प्राधिकरणे व जिल्हा समित्या असाव्यात, अशी तिची मांडणी होती. म्हणजे रीत दोन पायऱ्यांची होती: आधी शास्त्रीय निकषांवर कच्चा नकाशा, मग त्यावर गावागावांची चर्चा. यांतली पहिली पायरी तेवढी झाली.

दडवलेला अहवाल

अहवाल सादर झाल्यावर मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकारात तो मागितला गेला, तेव्हा नकार मिळाला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो उघड करण्याचा आदेश दिला, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे हरले आणि अखेर मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. मधल्या आठ-नऊ महिन्यांत अहवालाविषयीची मते अहवाल न वाचताच तयार झाली. घरे बांधता येणार नाहीत, जनावरे चारता येणार नाहीत, माणसांना उठवतील, अशा गोष्टी घाटावर आणि कोकणात दोन्हीकडे पसरल्या. त्यांना खोडण्यासाठी हातात धरून दाखवावा असा कागदच नव्हता, आणि जो नंतर मिळाला तोही इंग्रजीत होता. अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे ठेवावा असा आग्रह गाडगीळ यांनी धरला होता. एकदा माणसाने चारचौघांत विरोधाची भूमिका घेतली की नंतर माहिती मिळूनही ती सोडणे त्याला अवघड जाते, हे समूहनिर्णयाचा अनुभव असलेल्या कोणालाही ठाऊक असते.

विरोधाला जुन्या अनुभवाचाही आधार होता, हे येथे नोंदवले पाहिजे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले होते. तेथील रहिवाशांच्या तक्रारींचा सूर असा, की लहानसहान कामासाठी परवानगीचे हेलपाटे सामान्य माणसाला घालावे लागतात आणि मोठ्या बांधकामवाल्यांचे मात्र अडत नाही. या पार्श्वभूमीवर सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याने संवेदनशील क्षेत्र हे शब्द ऐकताच कपाळाला आठ्या घातल्या तर त्याला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याचा रोष जंगल राखण्यावर होता, की जंगलाच्या नावाने चालणाऱ्या परवाना-व्यवहारावर, हे विचारण्याची सोय कोणत्याही टप्प्यावर केली गेली नाही.

दुसरी समिती, दुसरी फूटपट्टी

ऑगस्ट २०१२ मध्ये अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला गेला आणि १५ एप्रिल २०१३ रोजी त्याने अहवाल दिला. या गटाने घाटाची व्याप्तीच वेगळी, म्हणजे १ लाख ६४ हजार २८० चौरस किलोमीटर धरली. उपग्रह-चित्रांच्या आधारे त्याने शेती, मळे व वस्ती असलेला सांस्कृतिक भूप्रदेश आणि नैसर्गिक भूप्रदेश असे दोन भाग केले, आणि नैसर्गिक भागातून जैविक समृद्धी अधिक, जंगलाची तुकडेबाजी कमी आणि लोकवस्ती विरळ असे क्षेत्र निवडले. ते एकूण क्षेत्राच्या सुमारे ३७ टक्के, म्हणजे ५९,९४० चौरस किलोमीटर भरले. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर होता. तीन स्तर जाऊन एकच रेषा उरली आणि चौकट-तालुक्याच्या जागी गाव हे एकक आले.

गाव हे एकक निवडणे ही खरोखर सुधारणा होती, पण तिच्यात नवी अडचण दडलेली होती. ज्या गावाच्या क्षेत्रापैकी २० टक्के किंवा अधिक भाग संवेदनशील ठरला ते संपूर्ण गाव यादीत आले. हजार हेक्टरच्या गावात दोनशे हेक्टर जंगल असेल तर उरलेल्या आठशे हेक्टरांवरही तेच निर्बंध, आणि एकशे नव्वद हेक्टर असेल तर कोठेच काही नाही. ज्यांनी आपले जंगल राखले ती गावे निर्बंधाखाली आणि ज्यांनी ते विकले ती मोकळी, असा याचा अर्थ गावकऱ्यांनी लावला तर तो पूर्ण चुकीचा म्हणता येणार नाही.

निर्बंध तसे मोजके होते: नव्या खाणी व दगडखाणी नकोत, असलेल्या टप्प्याटप्प्याने बंद व्हाव्यात, औष्णिक वीजप्रकल्प नको, लाल श्रेणीतील, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे उद्योग नकोत, २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे आणि ५० हेक्टर व त्याहून मोठ्या वसाहती नकोत. नाचणी पिकवणाऱ्या माणसाला यांतले काहीच आडवे येत नाही. पण हे त्याला कोणी सांगितले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये मंत्रालयाने या अहवालाच्या आधारे थेट निर्देश काढले, तेव्हा केरळच्या डोंगरी जिल्ह्यांत जमिनीची मालकी जाणार या भीतीने हरताळ झाले. केरळ सरकारने स्वतः नेमलेल्या समितीच्या आधारे वस्तीचे भाग वगळले आणि त्या राज्याचे क्षेत्र १३,१०८ वरून सुमारे ९,९९४ चौरस किलोमीटरवर आले. त्यामुळे १० मार्च २०१४ च्या पहिल्या मसुद्यात एकूण क्षेत्र ५६,८२५ चौरस किलोमीटर झाले. एका राज्याने रेषा हलवून घेतल्यावर बाकीच्यांनी ती जागच्या जागी का ठेवावी, याला उत्तर नव्हते.

हरकत नोंदवण्याचा एकच दरवाजा

गाडगीळ अहवालावर मंत्रालयाकडे १,७५० प्रतिसाद आले आणि त्यांपैकी ८१ टक्के त्यातील शिफारशींच्या विरोधात होते, असे कार्यगटाच्या अहवालात नमूद आहे. ही टक्केवारी पुढे लोकमत म्हणून वापरली गेली. ज्या प्रदेशात सुमारे पाच कोटी लोक राहतात तेथील १,७५० प्रतिसाद हे प्रमाण तर लहान आहेच, पण खरा दोष संख्येचा नाही. लिहून कळवण्याची तसदी कोण घेतो? ज्याचे काही जाणार असे त्याला वाटते तो. ज्याला संरक्षणाचा लाभ होणार आहे, जसे खालच्या खोऱ्यातील पाणी वापरणारा किंवा खाडीतला मच्छीमार, त्याला या पत्रव्यवहाराची वार्ताही नसते. आपल्याकडे कोणत्याही अधिसूचनेनंतर 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. व्यवहारात हरकती येतात, सूचना क्वचितच. स्वतःहून आलेली पत्रे मोजून बहुमत काढणे म्हणजे तक्रारपेटी उघडून लोक समाधानी आहेत का हे ठरवण्यासारखे आहे.

पुढील प्रत्येक मसुद्यात हीच रीत कायम राहिली. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील मसुदा राजपत्रात येतो, ६० दिवसांत हरकती मागवल्या जातात आणि ठरलेल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा बाद होतो. २०१४ चा बाद झाला तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये दुसरा आला, मग फेब्रुवारी २०१७, ऑक्टोबर २०१८, जुलै २०२२ आणि जुलै २०२४. दरम्यान केरळातील महापुरानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मसुद्यातील क्षेत्र कमी करू नये असे बजावले. २०२२ मध्ये राज्यांशी बोलण्यासाठी निवृत्त वन महासंचालक संजय कुमार यांची समिती नेमली गेली. राज्यांच्या मागण्या मात्र एकाच दिशेच्या राहिल्या: अमुक गावे वगळा, अमुक उद्योगाला सूट द्या. महाराष्ट्रानेही गावे वगळण्याची मागणी केली. ज्या प्रक्रियेत मत नोंदवण्याचा दरवाजा फक्त बाहेर जाण्यासाठी उघडतो, तेथे आत यायला कोणी तयार नाही असा निष्कर्ष निघणे अपरिहार्य होते.

वाटाघाटीचे शास्त्र जाणणारा माणूस येथे लगेच म्हणेल की प्रश्न 'गाव आत की बाहेर' असा विचारणेच चुकले. ते बरोबर आहे. ग्रामसभेपुढे खाण, चिरेखाण, प्रदूषक कारखाना, मोठी वसाहत, नदीतील वाळू, घरदुरुस्ती, रस्ता, विहीर असे विषय सुटे ठेवले असते आणि प्रत्येकावर हो, नाही किंवा अमुक अटीवर, असे उत्तर घेतले असते, तर बऱ्याच गावांत खाणीला नकार, विहिरीला होकार आणि चिऱ्याच्या बाबतीत गावापुरती सूट असे चित्र दिसले असते. निदान मतभेद नेमका कशावर आहे हे तरी कळले असते. आत किंवा बाहेर अशा उत्तरात घरदुरुस्तीची भीती आणि खाणमालकाचा नफा एकाच रकान्यात जमा होतात, आणि दुसरा पहिल्याच्या आडून बोलतो. आणखी एका प्रकारचा तपशीलही हवा होता: ग्रामसभेत किती जण हजर होते, त्यांत बायका किती, कोणत्या वाडीचा विरोध होता आणि तो का. ठरावाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर' असे लिहिण्याची सवय आपल्या ग्रामपंचायतींना इतकी जडली आहे की वाडी-वाडीतला मतभेद इतिवृत्तात उतरतच नाही.

ग्रामसभेला हे ठरवण्याचा अधिकार आहे का, हाही वादाचा मुद्दा झाला. आर्थिक निर्णयांत स्थानिक समुदायांना स्थान नाही असा कार्यगटाचा सूर असल्याची टीका गाडगीळ यांनी कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात केली आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार देणाऱ्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीची आठवण करून दिली. उलट बाजूचे म्हणणेही हलके नाही. जलविद्युत प्रकल्पाची वीज राज्यभर जाते, तेव्हा एका गावाच्या नकाराने तो अडावा का? माझ्या मते यावर सरसकट उत्तर नाही. ज्याचा परिणाम गावापुरता आहे त्यात गावाचा शब्द शेवटचा असावा आणि ज्याचा परिणाम खोरेभर आहे त्यात गावाला कारणासह लेखी उत्तर मिळण्याचा हक्क असावा, एवढी विभागणी तरी आधी करता आली असती. गोव्यात २०११ ची प्रादेशिक योजना लोकांच्या आंदोलनामुळे रद्द झाल्यावर २०२१ साठीच्या योजनेचे नकाशे गावांना पाहायला दिले गेले आणि त्यांवर सूचना मागवल्या गेल्या. ती योजनाही पुढे स्थगित झाली, पण नकाशा गावाच्या हातात देता येतो एवढे त्यातून सिद्ध झाले.

सिंधुदुर्गातील पंचवीस गावे

गाडगीळ समितीचे काम चालू असताना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील २५ ग्रामसभांनी आमचे क्षेत्र संवेदनशील म्हणून जाहीर करा असे ठराव केले होते. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील लोहखनिजाच्या खाणींची धास्ती त्यामागे होती. डोंगर फोडला की उताराचे पाणी लाल होते, माड-पोफळीच्या बागायतीत गाळ येतो आणि झरे आटतात, हे तेथील माणसाला अहवालातून शिकावे लागत नाही. ठरावांचा रोख महाबळेश्वरसारखी बाबूशाही नको, पण खाणीपासून संरक्षण हवे, असा होता. म्हणजे गावे अटीसह आत यायला तयार होती. ठराव समितीच्या अहवालात नोंदले गेले. पण दुसऱ्या समितीच्या उपग्रह-चित्रांत ग्रामसभेचा ठराव दिसण्याची सोय नव्हती, आणि तिच्या यादीत दोडामार्ग तालुका आलाच नाही.

या परिसरातील वन्यजीवांच्या भ्रमणमार्गाविषयी दोन पर्यावरण संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. २०१३ मध्ये न्यायालयाने तेथील वृक्षतोडीला मनाई केली आणि मार्च २०२४ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग भ्रमणमार्गातील २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची कार्यवाही मुदतीत करण्याचा आदेश राज्याला दिला. त्यानंतर चारच महिन्यांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेली. दहा वर्षांपूर्वी याच तारखेला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले होते, आणि मधल्या काळात महाडजवळचे तळिये व खालापूरची इर्शाळवाडी त्याच वाटेने गेली होती. केंद्राचा सहावा मसुदा दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला निघाला. त्यात वायनाडमधील काही गावे होती. दोडामार्ग तालुका मात्र याही यादीत नव्हता आणि हरकतींसाठी पुन्हा ६० दिवसांची मुदत दिलेली होती.